दुसऱ्याला मिळू नये म्हणून

११ एप्रिल २०२४ला लंडनमध्ये बाफ्टाच्या गेम्स पुरस्कारांत ॲनिमेशनचा पुरस्कार ‘हाय-फाय रश’ या गेमला मिळाला. ७ मेला तो गेम बनवणारा टोकियोतला स्टुडिओ, टँगो गेमवर्क्स, बंद करत असल्याचं त्याच्या मालकाने, म्हणजे मायक्रोसॉफ्टने, कळवलं. मधे सव्वीस दिवस.

हा गेम खेळला नसेल तर एवढंच सांगतो की त्यात सगळं तालावर चालतं. नायकाच्या छातीत चुकून एक म्युझिक प्लेअर बसतो आणि मग त्याची पावलं, ठोसे, आजूबाजूची यंत्रं, झाडंसुद्धा ठेक्यात हलायला लागतात. नायकाचं नाव चाय. हो, चाय. जानेवारी २०२३मध्ये कसलीही आगाऊ जाहिरात न करता हा गेम एका संध्याकाळी घोषित झाला आणि त्याच दिवशी विक्रीला आला. काही महिन्यांत तीस लाख लोकांनी तो खेळला. एक्सबॉक्सच्या मार्केटिंग विभागाच्या माणसाने जाहीरपणे लिहिलं होतं की आमच्या सगळ्या महत्त्वाच्या मोजमापांवर हा गेम यशस्वी ठरलाय. आणि स्टुडिओ बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक्सबॉक्सच्या स्टुडिओंचे प्रमुख मॅट बूटी यांनी कर्मचाऱ्यांच्या सभेत सांगितल्याची बातमी आली की आपल्याला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवे आहेत.

मी ती बातमी दोनदा वाचली. तारीखही तपासली.

तेव्हा या विषयावर दोन तऱ्हेचे लोक बोलत होते. एक म्हणत होते, कॉर्पोरेट लोभ. दुसरे म्हणत होते, धंदा आहे बाबा, इथे भावनेला जागा नाही. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. लोभी माणूस दुभती म्हैस खाटकाकडे पाठवत नाही, आणि नुसता धंदाच बघायचा तर चांगला चाललेला हात कुणी तोडत नाही. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे मायक्रोसॉफ्टने टँगो विकत घेतला तो टँगोच्या गेमसाठी. ते तसं नव्हतं.

यामागचं गणित आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडे कन्सोल हा प्रकार घरोघरी नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी प्लेस्टेशन पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याच्या घरी, आणि आपली पाळी येईपर्यंत जेवायला बोलावणं आलेलं असायचं. तर, कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसं कमावतच नाही. २०२१मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. पैसा येतो तो त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यातून. म्हणजे तुम्ही एकदा कुणाचं यंत्र घरी आणलंत की पुढची सात-आठ वर्षं तुम्ही त्याच्या गोठ्यातले. आता सोनी आणि मायक्रोसॉफ्टची यंत्रं आतून जवळजवळ सारखीच असतात. मग गिऱ्हाईक हेच का घेईल? तर एखादा गेम इथेच मिळतो, तिथे मिळत नाही, म्हणून.

यातून एक चमत्कारिक हिशेब जन्माला येतो. गेमची किंमत दोन आकड्यांची बेरीज होते. तो माझ्याकडे असल्याने माझं किती भलं होतं हा पहिला आकडा, आणि तो तुझ्याकडे नसल्याने तुझं किती नुकसान होतं हा दुसरा. पहिला आकडा चांगला गेम बनवून वाढतो. दुसरा वाढवायला गेम बनवावा लागत नाही, नुसता अडवला तरी पुरतं.

टँगोची गोष्ट या दुसऱ्या आकड्याची आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल’वाल्या शिंजी मिकामींनी २०१०मध्ये काढलेला हा स्टुडिओ लवकरच झेनिमॅक्स या अमेरिकी कंपनीकडे गेला. बेथेस्डा, अर्केन वगैरे नावंही याच कंपनीच्या छत्राखाली होती. २०२०मध्ये सोनीने झेनिमॅक्सशी करार केले. अर्केनचा ‘डेथलूप’ आणि टँगोचा ‘घोस्टवायर : टोकियो’ हे दोन गेम काही काळ फक्त प्लेस्टेशनवर येणार होते, एक्सबॉक्सवर नाही. त्याच सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने अख्खी झेनिमॅक्स ७५० कोटी डॉलर्सना घेत असल्याचं जाहीर केलं. का, ते एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी जून २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात शपथेवर सांगितलं. सोनीने ते दोन गेम आधीच बांधून ठेवले होते. त्यात बेथेस्डाचा ‘स्टारफील्ड’ही एक्सबॉक्सला मिळणार नाही अशी शक्यता कानावर आली, आणि तिसऱ्या क्रमांकावर असताना आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

म्हणजे सोनीने एका गेमभोवती दोरी बांधली, तर मायक्रोसॉफ्टने गोठाच विकत घेतला. टँगोतली माणसं या व्यवहारात पोत्याबरोबर आलेल्या सुतळीसारखी आली. मजा अशी की जुना करार पाळणं भाग असल्याने मार्च २०२२मध्ये ‘घोस्टवायर’ कन्सोलपैकी फक्त सोनीच्या यंत्रावर आला, तेव्हा त्याचा मालक मायक्रोसॉफ्ट होता. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तिसरा म्हणजे ज्यावरून भांडण झालं तोच, आणि त्याचा लाभ कुठे दिसत नाही.

हे काही २०२०मध्ये सुरू झालेलं नाही. बंजी हा शिकागोचा स्टुडिओ मॅकसाठी गेम करायचा. १९९९मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकवर्ल्डच्या मंचावरून त्यांचा नवा गेम दाखवला, त्याचं नाव ‘हेलो’. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली आणि नोव्हेंबर २००१मध्ये ‘हेलो’ पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आला. मॅकवाले बघत राहिले. २००२मध्ये इंग्लंडच्या रेअरची पाळी आली. तिच्यात निन्टेंडोची ४९ टक्के मालकी होती आणि ‘डाँकी काँग कंट्री’, ‘गोल्डनआय’ हे तिचे गेम निन्टेंडोच्या यंत्रांची शान होते. मायक्रोसॉफ्टने ३७.५ कोटी डॉलर्स मोजले आणि निन्टेंडोने आपला हिस्साही विकून टाकला. बातमी ‘निन्टेंडोचा हुकमी एक्का एक्सबॉक्सकडे’ अशीच झाली. एक्क्याला कुठला डाव खेळायला आवडेल हे कुणी विचारायचा प्रश्न नव्हता. पुढे हीच रेअर कित्येक वर्षं एक्सबॉक्सच्या कॅमेऱ्यासमोर हात हलवून खेळायचे क्रीडागेम करत होती.

यात चूक नेमकी काय आहे?

इथे कांटचं नाव घेण्याचा मोह होतो आणि मी तो आवरत नाही. १७८५च्या ग्रंथात त्याने मांडलं की माणसाला, स्वतःलाही, निव्वळ साधन म्हणून वागवू नये. यातला ‘निव्वळ’ महत्त्वाचा. साधन तर आपण सगळेच एकमेकांचे असतो. रिक्षावाला माझं कात्रजपर्यंत पोचण्याचं साधन आहे, मी त्याचं भाड्याचं. मी माझ्या कंपनीचं कोड लिहिण्याचं साधन आहे आणि महिन्याच्या एक तारखेला मला त्याबद्दल काही वाटत नाही. त्यामुळे ‘त्यांना साधन म्हणून वापरलं’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पगार देऊन वापरलं, त्यात काय?

पण साधनांतही दोन जाती आहेत असं मला वाटतं. एखाद्या सुताराला मी खुर्ची करण्यासाठी ठेवला तर तो माझं साधन आहे, पण त्याचं कसब आणि माझा हेतू यांची दिशा एकच आहे. त्याने खुर्ची चांगली केली की माझा हेतू सफल होतो, वाईट केली की फसतो. त्याच्या चांगल्या कामाला माझ्या हिशेबात जागा आहे, आणि म्हणून तो माझ्याशी बोलू शकतो. ‘शेठ, लाकूड बरं आणा’ म्हणू शकतो. आता समजा मी त्याच सुताराला ठेवला तो केवळ शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून. मग त्याने खुर्ची उत्तम करो, भिकार करो किंवा दिवसभर बिड्या फुंको, माझा हेतू तो आला त्या दिवशीच पुरा झालाय. शेजारी घर सोडून गेला किंवा माझंच त्याच्याशी भांडण मिटलं, तर हा माणूस मला खर्च म्हणून दिसायला लागेल. त्याने तेवढ्यात एखादी खुर्ची स्पर्धेत जिंकली तरी ती माझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची ते मला कळणार नाही.

टँगोचं हेच झालं. ‘हाय-फाय रश’ वाईट ठरला म्हणून स्टुडिओ गेला असता, तर ते क्रूर असलं तरी समजण्यासारखं होतं, कारण त्यात निदान कामाचा निवाडा आहे. इथे निवाडा झालाच नाही. कामाने पास केलं की नापास, हा प्रश्न ज्या वहीत विचारला जातो त्या वहीत त्यांचं नाव कधीच नव्हतं. मला इतरांपेक्षा ही गोष्ट जास्त झोंबते, कारण आमच्या क्षेत्रात आपण एकमेकांना देत असलेला सर्वांत मोठा धीर हाच असतो की काम चांगलं कर, बाकी होईल सगळं नीट.

हे मला बाहेरून बघून सुचलेलं नाही. मी बाणेरमधल्या चौतीस माणसांच्या एका कंपनीत होतो. लहान दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट, बिलं आणि पेशंटची जुनी कागदपत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. एक मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायला आली, आणि आमच्या मागे तिची प्रतिस्पर्धी कंपनीही फिरत होती हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. व्यवहार झाला. केक कापला. माझा पगार वाढला, शेअर्सचे पैसे मिळाले, त्यातून घरच्या कर्जाचा मोठा भाग फिटला. चौदा महिन्यांनी आमचं सॉफ्टवेअर बंद झालं. बहुतेकांना इतर टीममध्ये घेतलं, म्हणजे रस्त्यावर कुणी आलं नाही. शेवटच्या आठवड्यात विट्याच्या एका डॉक्टरबाईंचा फोन आला होता, अकरा वर्षांच्या नोंदी कुठे नेऊन ठेवायच्या विचारत होत्या. मी त्यांना फाइल काढून दिली आणि ती कशी उघडायची ते समजावलं. त्या म्हणाल्या, “चांगलं चाललं होतं की तुमचं.”

चालतच होतं. त्या चौदा महिन्यांत नव्या मालकांपैकी कुणीही आमच्या कामाबद्दल वाईट बोललं नाही. कुणी ते उघडून पाहिलं होतं असंही मला आठवत नाही. टीमची व्यवस्थित बडदास्त ठेवली जात होती, फक्त ती एखाद्या वादातल्या प्लॉटवर बसवलेल्या रखवालदाराची होती. रखवालदाराने तिथे भाजी लावली तर कुणाची हरकत नसते, कौतुकही नसतं.

माझा एक सहकारी तेव्हा म्हणाला होता, फळाची अपेक्षा करायची नाही, कर्म करत राहायचं. आपल्याकडे हे वाक्य चहाबरोबर खारी मिळावी तसं मिळतं. मला ते पटत नाही असं नाही, पण तो सल्ला काम करणाऱ्याला दिलेला आहे. फळाचा विचार सोडण्याची मुभा मालकाला त्यातून मिळत नाही. दुसऱ्याच्या श्रमाला काही अर्थ उरेल की नाही याबद्दल तुम्ही निष्काम होऊ शकत नाही, ते तुमचं नसतंच सोडायला.

दुसरी बाजूही आहे, आणि ती किरकोळ नाही. डबल फाइन नावाचा स्टुडिओ २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला, तेव्हा त्यांच्याकडचे पैसे संपत आले होते आणि ‘सायकोनॉट्स २’मधल्या मोठ्या लढती कापून टाकाव्या लागल्या होत्या. नव्या पैशामुळे त्या परत आल्या आणि गेम २०२१मध्ये पुरा झाला. ऑब्सिडियनच्या जेमतेम डझनभर माणसांनी ‘पेन्टिमेंट’ केला. सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातला मठ, हस्तलिखितं, एक खून, आणि संवाद सगळे वाचायचे. एकटा स्टुडिओ असता तर असल्या कल्पनेला कुणी पैसे दिले असते, असं मला वाटत नाही. सोनीने इन्सोम्निॲकला २०१९मध्ये २२.९ कोटी डॉलर्सना घेतलं, पण त्याआधी वीसेक वर्षं ते एकमेकांबरोबर काम करत होते. ते लग्न ओळखीतलं होतं. म्हणजे विकत घेणं हेच पाप आहे असं म्हणता येत नाही. त्याच चढाओढीच्या पैशातून हेही झालेलं आहे. मग फरक कशात? मला तरी तो वर सांगितलेल्या सुतारातच दिसतो. डबल फाइनचे प्रमुख उद्या म्हणू शकत होते की आम्हाला ही लढत पुरी करायला सहा महिने द्या, आणि त्या वाक्याला घेणाऱ्याच्या हिशेबात अर्थ होता.

स्पेन्सर यांना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. लायनहेड हा इंग्लंडमधला स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये घेतला आणि २०१६मध्ये बंद केला. त्याबद्दल कंपनीच्याच माहितीपटात, २०२१मध्ये, ते म्हणाले होते की स्टुडिओ घ्यायचा तर तो ज्यात वाकबगार आहे त्यासाठी घ्यावा. तो जे करतोय त्याला आपण बळ द्यावं, आपण जे करतोय त्याला त्याने नव्हे. याहून चांगलं मी काही लिहू शकणार नाही. तीन वर्षांनी टँगो आणि अर्केन ऑस्टिन एकाच ईमेलमध्ये बंद झाले. चांगल्या माणसाला धडा कळलेला असतो आणि तरीही तेच होतं, तेव्हा दोष माणसापेक्षा त्या बेरजेतल्या दुसऱ्या आकड्यात शोधावा.

‘पण विकणाऱ्याने राजीखुशीने विकलं ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा एमबीए असतो. विकलं, खरं आहे. कुणी विकलं? झेनिमॅक्सच्या भागधारकांनी. टोकियोत बसून चायच्या पावलांचा ठेका जुळवणाऱ्या माणसाने काहीच विकलं नाही, कारण त्याच्याकडे विकायला त्याचे दिवस सोडून काही नव्हतं, आणि ते त्याने आधीच दिलेले होते. कायद्याच्या भाषेत ‘स्टुडिओ’ म्हणजे गेमचे हक्क, नाव, करार, यंत्रं. आपण मात्र ‘स्टुडिओ’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात असतात ती काही वर्षं एकमेकांबरोबर राहून एकमेकांचा हात ओळखायला लागलेली माणसं. जमलेल्या तमाशाच्या फडासारखं असतं ते. फडाचं नाव विकता येतं, तंबू विकता येतो, पण ढोलकीवाल्याला गाणारीचा श्वास कुठे तुटतो ते माहीत असणं हे कुणाच्याच नावावर नसतं, म्हणून ते विकलंही जात नाही आणि कुणी जपतही नाही.

जानेवारी २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६,८७० कोटी डॉलर्सना घेत असल्याचं जाहीर केलं, त्या वेळच्या दराने पाच लाख कोटी रुपयांहून जास्त. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली आणि जून २०२३मध्ये ती सुनावणी झाली जिचा उल्लेख वर आलाय. मी तेव्हा रोज रात्री जागून तिचे वृत्तांत वाचत होतो. त्यात बूटी यांचं २०१९चं एक ईमेल बाहेर आलं. आपल्याकडे इतका पैसा आहे की आपण खर्च करूनच सोनीला या धंद्यातून बाहेर काढू शकतो, असा त्याचा सूर होता. कंपनीने खुलासा केला की ती जुनी चर्चा, त्या दिशेने आम्ही गेलो नाही. सोनीच्या जिम रायन यांचंही एक ईमेल निघालं. खरेदी जाहीर झाल्यावर लगेचच त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला लिहिलं होतं की हा काही गेम अडवून धरण्याचा डाव नाही, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आपल्या यंत्रावर येत राहील. आणि जगभरच्या नियामकांसमोर सोनी नेमकी उलट भीती मांडत होती. थोडक्यात, दोघांनाही काचेच्या घरात राहण्याचा सराव होता.

पण सगळी सुनावणी फिरत राहिली ती एका प्रश्नाभोवती : ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्लेस्टेशनवर मिळणार की नाही? न्यायाधीश कॉर्ली यांनी जुलैमध्ये आयोगाची मागणी फेटाळली, सोनीने दहा वर्षांचा करार केला, ब्रिटनच्या नियामकाने क्लाउडचे हक्क युबिसॉफ्टला द्यायला लावून परवानगी दिली आणि १३ ऑक्टोबर २०२३ला व्यवहार पुरा झाला. स्पर्धेचा कायदा गिऱ्हाइकाचं नुकसान मोजतो आणि ते त्याने इमानाने मोजलं. जानेवारी २०२४मध्ये गेमिंग विभागातल्या १,९०० जणांना नारळ मिळाला. ते नुकसान मोजायची पट्टीच त्या कोर्टात नव्हती. आयोगाने फेब्रुवारीत या कपातीबद्दल तक्रार केली खरी, पण तोवर लग्न लागून वरात घरी पोचली होती.

माणसांना माणसं म्हणून धरणारी एकच गोष्ट मला त्या सगळ्या काळात सापडली. अमेरिकेतल्या सीडब्ल्यूए या कामगार संघटनेने २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टकडून लेखी घेतलं की ॲक्टिव्हिजनच्या कर्मचाऱ्यांना युनियन करायची असेल तर कंपनी आडवी येणार नाही, आणि मग संघटनेने व्यवहाराला पाठिंबा दिला. जानेवारी २०२३मध्ये झेनिमॅक्सच्या सुमारे तीनशे टेस्टरांनी युनियन केली आणि कंपनीने ती मान्य केली. नोकऱ्या त्याने वाचतातच असं नाही. पण खरेदीच्या टेबलावर, ज्यांची खरेदी होतेय त्यांच्या बाजूने कुणीतरी बोललं. आमच्या बाणेरच्या ऑफिसात ‘युनियन’ हा शब्द लोक ‘कारखाना’ या शब्दाइतक्याच लांबून उच्चारायचे. आपण ज्ञानाचं काम करतो, आपल्याला त्याची गरज नाही, असं आपण स्वतःला सांगतो. टँगोमधली माणसंही ज्ञानाचंच काम करत होती.

सोनी या गोष्टीत संत नाही हेही नोंदवून ठेवतो, कारण प्रत्येक चर्चेत कुणीतरी आपल्या यंत्राचा झेंडा घेऊन येतं. एप्रिल २०२३मध्ये तिने फायरवॉक हा स्टुडिओ घेतला. त्याचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला आणि ऑक्टोबरमध्ये स्टुडिओही. तो गेम निदान खरोखर आपटला होता. बंजीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. २००७मध्ये ती मायक्रोसॉफ्टपासून मोकळी झाली, पण ‘हेलो’ मागे ठेवून. स्वातंत्र्याची किंमत म्हणून आपलं सर्वांत लाडकं मूल सोडून यावं लागलं. ॲक्टिव्हिजनशी केलेली भागीदारी २०१९मध्ये संपली. आणि ३१ जानेवारी २०२२ला, ॲक्टिव्हिजनची बातमी येऊन तेरा दिवस होतायत तोवर, सोनीने बंजी ३६० कोटी डॉलर्सना घेत असल्याचं जाहीर केलं. बोलणी आधीपासून चालू होती, त्यामुळे तो सरळ सूड नव्हता. बंजी स्वतंत्र राहील असं तेव्हा सांगितलं गेलं. किमतीतले सुमारे १२० कोटी तर लोक टिकून राहावेत म्हणूनच ठेवले होते. जुलै २०२४मध्ये बंजीने २२० जणांना काढलं. २०२५च्या उन्हाळ्यात सोनीच्या अर्थप्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की बंजीची स्वायत्तता हळूहळू कमी होतेय आणि ती प्लेस्टेशनच्या स्टुडिओंत मिसळत जाईल.

टँगोचं पुढे काय झालं, ते तुमच्यापैकी बीजीएमआय खेळणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. ऑगस्ट २०२४मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने, म्हणजे तुमच्या फोनवरच्या त्याच क्राफ्टनने, टँगोचं नाव, ‘हाय-फाय रश’चे हक्क आणि येऊ इच्छिणारी माणसं आपल्याकडे घेतली. ‘घोस्टवायर’ आणि ‘द ईव्हिल विदिन’ मायक्रोसॉफ्टकडेच राहिले. क्राफ्टनकडे विकायला कन्सोल नाही, त्यामुळे टँगोला कुणापासून अडवून ठेवण्याने तिला काही मिळत नाही. तिला हवा असलाच तर गेम हवा असणार. एवढ्याने मी त्यांना सज्जन म्हणत नाही, पण आता त्या माणसांचं चांगलं काम निदान कुठल्यातरी रकान्यात बसेल.

ज्या चढाओढीपायी हे सगळं झालं ती दरम्यान मायक्रोसॉफ्टने जवळजवळ सोडून दिली आहे. ‘हाय-फाय रश’ स्वतःच मार्च २०२४मध्ये, स्टुडिओ बंद होण्याआधी दोन महिने, प्लेस्टेशनवर आला होता. एप्रिलमध्ये रेअरचा ‘सी ऑफ थीव्ह्ज’ आला. ‘इंडियाना जोन्स’ झेनिमॅक्सच्या खरेदीनंतर प्लेस्टेशनपासून तोडला होता, तो २०२५मध्ये तिकडे पोचला. रेअर कित्येक वर्षं ज्यावर काम करत होती तो ‘एव्हरवाइल्ड’ जुलै २०२५मध्ये रद्द झाला. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं की पहिल्या ‘हेलो’ची नवी आवृत्ती २०२६मध्ये प्लेस्टेशन ५वरही येणार आहे. ती बनवतोय मायक्रोसॉफ्टचा हेलो स्टुडिओ. ‘हेलो’ ज्यांनी पहिल्यांदा बनवला ती बंजी आता सोनीच्या मालकीची आहे, आणि तिचा यात काही संबंध नाही.